प्रश्न तुमचे: वर्षावनातले प्राणी आणि लहान मुलं

वर्षावनातले प्राणी तिथे कसे टिकून राहतात, हे चार ते नऊ वर्षांच्या मुलांना कसं शिकवावं, याविषयी आलेली निवडक पत्रं इथे थोडी कापून दिली आहेत. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न: पुस्तकात ‘अनुकूलन म्हणजे प्राण्यांनी परिस्थितीशी जुळवून घेणे’ असं दिलंय. मी वर्गात तेच सांगितलं. त्यावर एकाने विचारलं, ‘बाई, मी रोज झाडाला लटकलो तर मलापण शेपूट येईल का?’ सगळा वर्ग हसला, पण मला उत्तर सुचलं नाही.
— दुसरीच्या वर्गशिक्षिका

उत्तर: त्या मुलाला आधी शाबासकी द्या. तुमच्या वाक्यातून जे निघतं तेच त्याने विचारलं. घोळ आहे तो ‘जुळवून घेणे’ या शब्दांत. मराठीत जुळवून घेतात ती माणसं. नव्या शाळेशी, शेजाऱ्यांशी, कुरकुरत का होईना, पण ठरवून. मुलांना तोच अर्थ ओळखीचा असतो. त्यामुळे माकडाने ठरवलं, खूप प्रयत्न केला आणि शेपूट उगवली, असं चित्र डोक्यात बसतं आणि पुढे बरीच वर्षं निघत नाही.

‘अनुकूलन’ हा शब्द फळ्यावर राहू द्या, बोलताना ‘ठेवण’ म्हणा. ‘या जागी राहायला उपयोगी पडेल अशी शरीराची ठेवण.’ आणि प्राण्यापासून सुरुवात करू नका, अडचणीपासून करा. ‘फळं फांदीच्या टोकाला आहेत, फांदी बारीक आहे, दोन्ही हात फळं तोडण्यात गुंतलेत. मग धरायचं कशाने?’ मुलं स्वतःच ‘शेपटीने!’ म्हणतात. त्यानंतर स्पायडर मंकीचं चित्र काढा.

पण ही ठेवण आली कुठून, ते सांगून कळत नाही. त्यासाठी एक खेळ घ्या. पानाफुलांची दाट नक्षी असलेलं साधारण एक मीटर लांब-रुंद कापड जमिनीवर पसरा. त्याच कापडाच्या उरलेल्या भागातून एक सेंटिमीटरचे वीस चौकोनी तुकडे कापा. तेवढेच वीस तुकडे साध्या नारिंगी कापडाचे. हे सगळे किडे. सुरुवातीला प्रत्येकी दहा कापडावर विखरून टाका. पाच मुलं पक्षी होतात. प्रत्येकाने पाठ करून उभं राहायचं, वळायचं, पहिला दिसेल तो किडा उचलायचा, पुन्हा पाठ करायची. प्रत्येकी दोन किडे झाले की थांबा. आता कापडावर दहा उरले. समजा त्यात नक्षीचे सात आणि नारिंगी तीन आहेत. उरलेल्या प्रत्येक किड्याला त्याच्याच रंगाचं एक पिल्लू द्या, म्हणजे चौदा आणि सहा झाले. पुन्हा खेळा. तिसऱ्या फेरीनंतर नारिंगी एखाददुसरा उरतो किंवा एकही नाही.

आता विचारा, ‘एकातरी किड्याने आपला रंग बदलला का?’ नाही. तरी अख्ख्या कापडावरचे किडे बदलले. तुमच्या विद्यार्थ्याला हेच उत्तर आहे. लटकून शेपूट येत नाही. ज्या पिल्लांची शेपूट जन्मापासूनच जरा जास्त घट्ट पकडणारी होती ती झाडावरून कमी वेळा पडली, जास्त जगली आणि त्यांच्या पिल्लांना तशीच शेपूट मिळाली. आपण तीन फेऱ्या खेळलो, जंगलात लाखो झाल्या.

खेळ फसतो तो ठरावीक ठिकाणी. तुकडे जाड कागदाचे असले की कडेची सावली पडते आणि लपलेलाही दिसतो, म्हणून कापडच घ्या आणि इस्त्री करा. मुलं हात फिरवून चाचपतात, तेव्हा ‘चोचीला दोनच बोटं’ असा नियम करा. दोन फेऱ्यांच्या मध्ये तुकड्यांच्या जागा बदला, नाहीतर मुलं त्या लक्षात ठेवतात. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे इथेच थांबणं. मग ‘नारिंगी वाईट, नक्षीचा चांगला’ एवढंच डोक्यात राहतं. म्हणून साधं नारिंगी कापड पसरून तोच खेळ पुन्हा घ्या. या वेळी नक्षीवाले संपतात. कुठली ठेवण चांगली ते जागेवर ठरतं, हे या उलट्या खेळाशिवाय कळत नाही.

प्रश्न: मुलीला प्राण्यांचा खेळण्यातला संच दिलाय. डब्यावर ‘जंगल’ लिहिलंय. आत गोरिला, टूकन, वाघ, ओरांगउटान, मकाव पोपट, लाल डोळ्यांचा बेडूक. ती सगळ्यांना एकाच झाडावर बसवते. चालवून घ्यावं का?
— एक बाबा

उत्तर: चार वर्षांची असेल तर खुशाल बसवू द्या. सहाच्या पुढे असेल तर तीन ताटं घ्या. एक अमेरिकेचं: अॅमेझॉन आणि मध्य अमेरिका. एक आफ्रिकेचं: काँगोचं खोरं. एक आग्नेय आशियाचं: बोर्निओ, सुमात्रा आणि आजूबाजूचा प्रदेश. तुमच्या संचातले टूकन, मकाव आणि बेडूक पहिल्या ताटात, गोरिला दुसऱ्यात, वाघ आणि ओरांगउटान तिसऱ्यात जातील. वेगवेगळ्या ताटांतले प्राणी मोकळ्या रानात एकमेकांना कधीच भेटत नाहीत.

ताटं लावून झाली की खरी मजा आहे. अडचण तिन्हीकडे तीच: एका झाडावरून दुसऱ्यावर न पडता जायचं कसं? उत्तरं मात्र वेगळी निघतात. शेपटीने फांदी पकडून शरीराचा भार पेलणारी माकडं फक्त अमेरिका खंडात आहेत. आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या शेपट्या लांब असल्या तरी त्यांचा उपयोग तोल सांभाळायला. त्यामुळे ‘माकड शेपटीला लटकतं’ हे सरसकट चित्र चुकीचं आहे. आग्नेय आशियात तरंगत जाणारे प्राणी फार. ड्रॅको सरड्याच्या लांबलेल्या फासळ्यांवर कातडीचा पडदा ताणलेला असतो, वॉलेसचा उडता बेडूक बोटांमधल्या रुंद पडद्यांवर तरंगतो, आणि उडता साप अंग चपटं करून हवेत वळवळत जातो. ‘उडता’ म्हणतात खरं, पण यातलं कुणीच पंख मारून वर जात नाही. उंचावरून तिरकं खाली, बस.

ड्रॅको कागदाचा करता येतो. २० बाय १४ सेंटिमीटरचा साधा कागद घ्या. लांब कडेकडून एक-एक सेंटिमीटरच्या सहा घड्या एकावर एक घाला, आणि त्या जाड कडेच्या मधोमध एक कागदी क्लिप लावा. जाड कड पुढे ठेवून डोक्याइतक्या उंचीवरून हलकेच सोडा. फेकू नका. कोलांट्या खाल्ल्या तर पुढचा भाग हलका आहे, दुसरी क्लिप लावा. नाकावर आपटला तर मागची कड बोटाने किंचित वर वळवा. शेजारून तसाच कागद चुरगळून सोडला की पडदा ताणल्याने काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न: बुटाच्या खोक्यात चार थर करून वर्षावन बनवलं. थर सारख्याच उंचीचे झाले, आणि मुलांनी चित्त्यासारखा दिसणारा प्राणी सोडून सगळे वर चिकटवले. थरांचा मुद्दा पोहोचला असं वाटत नाही.
— बालवाडी शिक्षिका

उत्तर: खोकं दिसायला छान, पण त्यात उंची कळत नाही आणि उजेड तर मुळीच नाही. प्राण्यांच्या ठेवणीचा उगम तर त्या दोन गोष्टींत आहे.

उंचीसाठी भिंतीवर एक मीटर लांबीची कागदी पट्टी उभी लावा. दोन सेंटिमीटर म्हणजे जंगलातला एक मीटर. ४० सेंटिमीटरपर्यंत खालचा झाडोरा, ४० ते ८० छताचा थर, आणि त्याच्यावर मान काढणारे तुरळक शेंडे, अगदी १०० पर्यंत. बोर्निओत तर १०० मीटरहून किंचित उंच झाड मोजलं गेलंय. त्यासाठी दुसरी पट्टी आणि वर एक छोटा तुकडा जोडावा लागेल. मग प्रत्येक मुलाला स्वतःचं चित्र त्याच मापात काढून पायथ्याशी चिकटवायला सांगा. सव्वा मीटरचं मूल अडीच सेंटिमीटरचं होतं! बोटाच्या पेराएवढं. यानंतर ‘उंच झाड’ हे शब्द ती वेगळ्याच आवाजात म्हणतात.

उजेडासाठी खोली अंधारी करा. टेबलावर पांढरा कागद ठेवा, त्यावर अर्ध्या मीटरवरून टॉर्च पाडा. मध्ये हिरवा पतंगी कागद धरा: एक, मग दोन, चार, आठ. दर वेळी मुलांनी खालच्या खडूंमधून लाल खडू ओळखायचा. घनदाट वर्षावनात वर पडणाऱ्या उजेडापैकी जेमतेम दोन टक्के जमिनीपर्यंत पोहोचतो. फळं, फुलं, कोवळी पानं सगळं उजेडात, म्हणजे वर, आणि बहुतेक प्राणीही वरच. तेव्हा तुमच्या मुलांनी सगळ्यांना वर चिकटवलं यात ती फारशी चुकली नाहीत!

आता त्या थप्पीला पंचिंग मशीनने दहा-बारा भोकं पाडा. खाली कवडसे पडतील. पिवळ्या कागदाची दोन मांजरं कापा, एक कोरी आणि एकीवर काळे ठिपके-वलयं. दोन्ही कवडशांत ठेवून दोन मीटरवरून बघायला सांगा. कोरी चटकन दिसते, ठिपकेवालीची बाह्यरेषा हरवते. हा झाला जग्वार. (तुमचा चित्त्यासारखा प्राणीही तोच असणार. चित्ता मोकळ्या माळावरचा. जग्वार ओळखायचा तर वलयाच्या आत बारीक ठिपका असतो, तो बिबट्याच्या वलयात नसतो.) भोकं जास्त मोठी झाली की उजेडाची तळी होतात आणि प्रयोग बसत नाही. बोटाच्या नखाहून लहान ठेवा.

प्रश्न: चोचींचा खेळ घेतला. चिमटे, चमचे, स्ट्रॉ दिले, दाणे उचलायला सांगितले. नुसता गोंधळ झाला, शिकले काहीच नाहीत. टूकनच्या चोचीसाठी काही वेगळं करता येईल का?
— विज्ञान खेळघर चालवणारी ताई

उत्तर: गोंधळ झाला कारण खाणं एकच ठेवलंत. मग कोण जिंकला एवढंच उरतं. तीन ‘चोची’ असतील तर खाणीही तीन हवीत: बाटलीतलं पाणी, भुशात पुरलेले दाणे, आणि दोऱ्याने टांगलेले कागदी गोळे. प्रत्येक चोचीने प्रत्येक खाण्यावर वीस सेकंद, मग आकडा तक्त्यात. नऊ चौकोन भरले की कुठली चोच कुठे उपाशी मरते ते मुलं बोट ठेवून दाखवतात. एका वेळी तीनच मुलं, बाकीची मोजणारी.

टूकनबद्दलचा खरा प्रश्न वेगळा आहे: एवढी मोठी चोच घेऊन तो पुढे कोलमडत कसा नाही? टोको टूकनची चोच शरीराच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश, पण वजन शरीराच्या जेमतेम विसाव्या भागाइतकं. आतून फेसासारखी पोकळ हाडाची जाळी, वरून आपल्या नखांचं असतं त्याच द्रव्याचं कवच. स्पंजाचा १५ सेंटिमीटर लांब तुकडा चोचीच्या आकारात कापा, वर कागदाचे दोन थर खळीने चिकटवून रात्रभर वाळवा. तेवढ्याच मापाची दुसरी चोच मळलेल्या मातीची करा. पट्टीच्या टोकाला एकेक बांधून मुलांना हातात धरू द्या. मातीची चोच मनगट वाकवते. कागद ओला असताना दाबू नका, स्पंज बसतो आणि सगळा मुद्दाच बसतो.

अशी लांब, हलकी चोच घेऊन हा जड पक्षी जाड फांदीवर बसून बारीक डहाळीच्या टोकाचं फळ तोडतो. चोचीतल्या रक्तवाहिन्यांतून तो अंगातली जास्तीची उष्णता बाहेरही टाकतो. एक खोच मात्र आहे. चित्रांत सगळीकडे झळकणारा टोको टूकन घनदाट रानापेक्षा विरळ झाडीत आणि रानाच्या कडेला जास्त राहतो. दाट वर्षावनातले टूकन त्याचे भाऊबंद.

प्रश्न: झाडबेडकाच्या पायाला ‘चोषक’ असतात का? मी व्हॅक्यूमचं हूक दाखवून समजावलं.
— एक आई

उत्तर: हूक परत भिंतीवर जाऊ द्या. बेडकाच्या बोटांच्या गाद्या हवा बाहेर काढून चिकटत नाहीत. गादीवर सूक्ष्म षट्कोनी पेशींची फरसबंदी असते आणि त्यांच्या फटींतून पातळ चिकट द्रव पसरतो. त्या पातळ ओलाव्यामुळे गादी पानाला धरून राहते. घरी बघायचं तर पारदर्शक प्लॅस्टिकचा ५ सेंटिमीटरचा चौकोन भिंतीवरच्या गुळगुळीत टाइलवर लावा. कोरडा असला तर पडतो. एक थेंब पाणी लावून दाबला तर राहतो. चांगला भिजवला तर घसरत खाली येतो. हा तिसरा भाग वगळू नका. ओलावा किती यावर सगळं आहे, आणि भर पावसातही बेडूक पानाला धरून राहतो हे किती अवघड आहे ते तिथेच कळतं. खरखरीत भिंतीवर किंवा वाकलेल्या प्लॅस्टिकवर हा प्रयोग होत नाही.

प्रश्न: झाडाला उलटा लटकणाऱ्या स्लॉथला मराठीत ‘आळशी अस्वल’ म्हणावं का? आणि इतका मंद प्राणी जगतो तरी कसा, असं मुलगा विचारतो.
— एक आई

उत्तर: ‘आळशी अस्वल’ नको, कारण त्यातून दोन गैरसमज होतात. स्लॉथ अस्वल नाही, त्याचे नातेवाईक मुंगीखाऊ. आणि तो आळशीही नाही. सरळ ‘स्लॉथ’ म्हणा.

मुलाला हिशोबाने सांगा. त्याचं खाणं म्हणजे पानं. पानांत ताकद कमी, आणि ती पचवायला कठीण. स्लॉथच्या पोटात एका जेवणाला कित्येक दिवस, कधी महिनाभरही लागतो. मिळकत कमी असलेल्या घराने खर्च कमी ठेवायचा, तसं त्याचं शरीर चालतं. स्नायू कमी, हालचाल कमी. या मंदपणाचा दुसरा फायदा म्हणजे वर घिरट्या घेणाऱ्या गरुडाचं लक्ष हालचालीकडे जातं आणि हा हलतच नाही. केसांत शेवाळ वाढून अंग हिरवट दिसतं, ते वेगळंच. त्याच केसांत पतंग राहतात. स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदा शी करायला झाडावरून खाली उतरतो, तेव्हा ते त्या विष्ठेत अंडी घालतात.

मान हा मुलांचा आवडता भाग. माणूस असो वा जिराफ, मानेत मणके सातच. तीनबोटी स्लॉथला आठ-नऊ असतात. धड न हलवता तो डोकं पाऊण वर्तुळ फिरवतो. मुलाला खुर्चीत खांदे टेकवून बसवा, दोन्ही बाजूंना कुठपर्यंत दिसतं तिथे खडूने खूण करा आणि शेजारी स्लॉथची खूण करा.

प्रश्न: माझा सहा वर्षांचा नातू पाहू शकत नाही. या विषयात सगळीकडे चित्रं आणि रंगच आहेत. त्याच्यासाठी काय करता येईल?
— एक आजी

उत्तर: आजी, घनदाट रानात नजर पानांपलीकडे फारशी पोहोचत नाही. तिथले कितीतरी प्राणी स्पर्श, आवाज आणि वास यांवरच चालतात, त्यामुळे त्याचा अभ्यास मुळीच अपुरा राहणार नाही.

सुरुवात त्याच्याच बोटाच्या टोकापासून करा. अंगठ्याने दुसऱ्या बोटावरच्या बारीक रेषा चाचपू द्या. स्पायडर मंकीच्या शेपटीच्या टोकाला आतल्या बाजूला केस नसतात, तिथे अशाच रेषा असलेली कातडी असते. लोकरीचा लांब मोजा घेऊन त्याच्या टोकाला बाहेरून एका बाजूला जुन्या रबरी हातमोज्याचा खरखरीत तुकडा शिवा. काठीवरून आधी लोकर ओढायला सांगा, मग रबर. एक घसरतं, दुसरं अडतं.

स्लॉथ: लांब केसांचं मऊ खेळणं उलटं टांगा. आपल्याकडच्या प्राण्यांचे केस पाठीकडून पोटाकडे उतरतात. स्लॉथचा भांग पोटावर असतो आणि केस पाठीकडे जातात, कारण तो जन्मभर उलटा लटकतो. खेळण्याचे केस एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने विंचरा, वरून पेलाभर पाणी सोडा आणि खाली नातवाची ओंजळ धरा. बरोबर दिशेने विंचरलं असेल तर पाणी झरझर ओंजळीत येतं, उलट असेल तर केसांच्या मुळाशी मुरतं.

काँगोच्या रानातल्या ओकापीची (हा जिराफाचा नातेवाईक) कातडी तेलकट, मखमली असते, पाणी ठरत नाही. जाड कागदाच्या अर्ध्या भागावर मेणाचा खडू चांगला दाबून घासा, दोन वेळा, आडवा आणि उभा. ड्रॉपरने पाच-पाच थेंब टाका. मेणावरचे थेंब बोटाखाली गोल लागतात, उरलेल्या बाजूला ओल पसरते. एकदाच घासलेला खडू पुरत नाही, मधल्या फटींतून पाणी शिरतं.

आणि आवाज. हाउलर माकडाच्या गळ्यात फुगलेलं, आतून पोकळ हाड असतं, त्यामुळे त्याची हाक रानात काही किलोमीटर जाते. नातवाला रिकाम्या पत्र्याच्या डब्यात तोंड नेऊन ‘हूऽऽ’ म्हणू दे आणि दोन्ही तळवे डब्यावर ठेवू दे. आवाज वर-खाली करता करता एका सुरावर डबा थरथरायला लागेल. तो सूर त्याने शोधून काढायचा.

प्रश्न: दमटपणा दाखवायला काचेच्या बरणीत बाग केली. दहा दिवसांत पांढरी बुरशी. पुन्हा करावी का?
— चौथीच्या वर्गाचे सर

उत्तर: जरूर. बहुधा पाणी जास्त झालं. दोन लिटरच्या रुंद तोंडाच्या बरणीत तळाला ३ सेंटिमीटर खडे, त्यावर बोटभर कोळशाचा चुरा, मग ६ सेंटिमीटर माती. छोटं नेचं आणि थोडं मॉस लावा. पाणी चार-पाच मोठे चमचे, मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा पण थेंब गळू नये इतकंच. झाकण लावून उजेडात ठेवा, उन्हात नाही. उन्हात बरणी तापते आणि झाडं अक्षरशः उकडतात. सकाळी काच धूसर आणि दुपारी साफ, हे बरोबर. दिवसभर धूसर राहिली तर दोन-तीन तास झाकण काढा. पिकलेलं पान दिसताच चिमटीने काढा, बुरशी तिथूनच सुरू होते. आत किडे किंवा बेडूक सोडायचे नाहीत, मुलांनी कितीही गळ घातली तरी.

प्रश्न: ‘तुमचा स्वतःचा वर्षावनातला प्राणी बनवा’ असं सांगितलं की सगळे पंख, विष, नख्या, शिंगं असलेले राक्षस काढतात.
— एक शिक्षिका

उत्तर: कारण तुम्ही किंमत लावली नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या: कुठल्या थरात राहतो, काय खातो, त्याला कोण खातं. त्यावर फक्त तीन गोष्टींची परवानगी, आणि प्रत्येक गोष्टीसोबत ‘यामुळे त्याचं काय अडतं?’ हेही लिहायचं. हार्पी गरुडाचं उदाहरण आधी द्या: इतक्या मोठ्या शिकारी पक्ष्याच्या मानाने पंख आखूड आणि रुंद. फांद्यांमधून वळताना उपयोगी, पण उघड्या आकाशात तासन्‌तास तरंगायला तसे नव्हेत. विषारी बेडकाचंही सांगा. त्याचं विष त्याच्या खाण्यातल्या मुंग्या आणि सूक्ष्म कोळीवर्गीय किड्यांतून येतं. पिंजऱ्यात साधे किडे खाऊन वाढलेला तोच बेडूक विषारी होत नाही. म्हणजे विष हवं तर ठरावीक खाणंही हवं.

प्रश्न: ठेवण म्हणजे फक्त शरीराची का? वागण्याचं एखादं सोपं उदाहरण हवं आहे.
— तिसरीच्या मुलीचे आईबाबा

उत्तर: मध्य अमेरिकेतला लाल डोळ्यांचा झाडबेडूक. मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर अंडी घालते. निवांत असलं तर अंडी साधारण सहा-सात दिवसांनी फुटतात आणि पिल्लं खाली पाण्यात पडतात. पण सापाने अंड्यांचा लचका तोडायला सुरुवात केली, तर चार-पाच दिवसांची पिल्लंही घाईघाईने बाहेर पडून पाण्यात उड्या घेतात. पावसाने पान हलतं तेव्हा मात्र ती जागची हलत नाहीत. दोन्ही थरथरींत फरक असतो. पावसाची छोटी, भराभर. सापाची लांब, मध्ये थांबत थांबत.

मुलीला डोळे मिटून टेबलावर तळहात टेकवायला सांगा. दुसऱ्या टोकाला तुम्ही बोटांनी टपटप पाऊस पाडा, मध्येच मूठ टेकवून टेबल हलवा, थांबा, पुन्हा हलवा. साप वाटला की हात उचलायचा. पावसात उचलला तर एक गुण कमी, कारण लवकर बाहेर पडलेली पिल्लं लहान असतात आणि पाण्यात मासे वाटच पाहत असतात.